उजवीकडचा पापाउ

म्हाताऱ्या मेंगियोंगने उजवा हात वर केल्याशिवाय एका छपराखालच्या त्या लांबघरातल्या वीस चुलींतला एकही माणूस होडी सोडत नसे. पक्ष्याचा कौल ऐकणारा तो. पापाउ पाखरू उजवीकडून बोललं तर निघायचं, डावीकडून बोललं तर मुकाट सामान उतरवायचं, हा इबान लोकांचा वाडवडिलांचा शिरस्ता. म्हातारा तरुणपणापासूनच त्या पाखरासाठी वेडा. लग्न झाल्यावर बायकोला, रेमायला, त्याने काय दाखवलं? तर कुजक्या खुंटातलं पापाउचं घरटं! नरही अंड्यांवर बसतो म्हणाला, आणि माणसाची चाहूल लागली की लालभडक पोट लपवून तपकिरी पाठ पुढे करतो, लबाड कुठला.

यंदा मात्र पापाउ वर्षभर उजवीकडूनच बोलत होता. लोक खूश. पण त्याच कौलावर निघालेल्या एन्सोहचा पाय मोडला, जेलानीची होडी धोंड्यावर आपटून फुटली. तरी म्हाताऱ्याला विचारायची कुणाची टाप? रेमाय तेवढी प्रत्येक होडी परत येईपर्यंत काठावर खेपा घालायची.

आणि आज तिचा एकुलता एक लान्याउ निघाला होता, वरच्या अंगाला, लाकूडतोडीला. डोंगरात रात्रभर पाऊस झालेला, नदी गढूळ होऊन फुगलेली. कौल घ्यायला नवरा रानात शिरला तशी नैवेद्याचा भात घेऊन रेमाय त्याच्या मागून गेली. पापाउ बोलला. डावीकडून. फांदीवरचं त्याचं लाल पोट तिने आपल्या डोळ्यांनी पाहिलं. आणि म्हाताऱ्याने खुशाल उजवा हात वर केला.

चारचौघांत बोलावं तर म्हाताऱ्याची जन्माची अब्रू जाणार, न बोलावं तर पोरगा. होडीपाशी ती नवऱ्याच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "अहो, पापाउ डावीकडे होता. मी पाहिला. लान्याउला थांबवा."

म्हाताऱ्याने मान डोलावली. तिचा जीव भांड्यात पडला. आता तो हाक मारील म्हणून ती मागे सरकली.

लान्याउने इंजिनाची दोरी ओढली. "आई, तोंड का पाडलंस? बाबांनी उजवा दिलाय की!" होडी सुटली, आणि म्हातारा हसत बघत राहिला.

तेवढ्यात काठावरच्या झाडातून, डावीकडून, पापाउ पुन्हा बोलला. म्हाताऱ्याने मान वळवली ती उजवीकडे. नुसत्या पाण्याकडे बघत म्हणाला, "ऐकलंस? अजून उजवीकडेच."

रेमायने त्याच्या डाव्या कानाशी हळूच हाक मारली. त्याची पापणीसुद्धा लवली नाही. तो कान केव्हाच गेला होता. एन्सोहचा पक्षी, जेलानीचा पक्षी, सगळे तिला एकदम कळले.

मग अब्रू गेली खड्ड्यात. ती गुडघाभर पाण्यात धावली, दोन्ही हात वर करून ओरडली, "लान्याउ, फीर मागे!" इंजिनाच्या घरघरीत पोराला शब्द पोचला नाही. आईनेही हात वर केलाय, एवढंच त्याला दिसलं. त्यानेही हसून उजवा हात वर केला आणि होडी वळणाआड गेली.