काढायची राहिलेली ओळ

नंदुरबारच्या फलाटावर भर दुपारी नाना माझी बॅग डब्यात ठेवून खाली उतरले आणि खिडकीचे गज धरून उभे राहिले. गाडी सुटायला अजून दहा मिनिटं होती, पण बोलण्यासारखं सगळं बोलून झालं होतं. माय पिशवीतला डबा काढून बघत होती आणि पुन्हा आत ठेवत होती. सुरतेला गाडी बदलून मला दिल्लीला जायचं होतं. आमच्या घरातलं कुणी तोवर सुरतेच्या पलीकडे गेलं नव्हतं. गाडीने हिसका दिला तेव्हा माय म्हणाली, "पोचनी का फोन कर." नाना खिडकीसोबत चार पावलं चालले. तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज कापत होता. म्हणाले, "घाबरू नको बेटा. पन जपीसन ऱ्हाय."

यातलं पहिलं मला कधीच जमलं नाही. दुसरं जमतंय असं मात्र बरीच वर्षं वाटत होतं.

हे मी तिकडे राहिलेल्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांसाठीही. गावी गेले की तुमच्यापैकी प्रत्येक जण विचारतो, तू नेमकं काय काम करतेस गं? मी मानवी हक्कांच्या एका संस्थेत विश्लेषक आहे. म्हणजे मी मोर्चात जात नाही, कोर्टात उभी राहत नाही. मी खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या हकिकती वाचते. कार्यकर्ते गावोगावी फिरून लोकांचे जबाब आणतात. मी ते तपासते, तारखा जुळवते, फोटो कुठला आहे ते शोधते आणि अहवाल लिहिते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याने सांगितलं त्याला लपवते. नाव बदलायचं, वय थोडं हलवायचं, गाव गाळायचं. ऑफिसात त्याला रेडॅक्ट करणं म्हणतात. एखादा शब्द राहून गेला तर कुणाच्या तरी दारात माणसं येऊन उभी राहू शकतात, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

दिल्लीत मी भाड्याच्या एका खोलीत राहते. घरमालकिणीला नंदुरबार कुठे ते सांगता सांगता थकले आणि शेवटी 'गुजरात के पास' म्हणायला लागले. ऑफिसात इंग्रजी, रिक्षावाल्याशी हिंदी, फोनवर मायशी अहिराणी. आणि प्रमाण मराठी, जी शाळेत इतकी घोकली, ती आता फक्त अहवालांच्या मराठी आवृत्तीत उरली आहे. सुरुवातीला मला तिथली एक गोष्ट फार आवडली. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं. गावात मी शाळेला निघाले तरी चार ओटे विचारायचे, "वायरमननी पोर ना तू? आज उशीर कसा?" दिल्लीत आठ दिवस खोलीबाहेर पडले नसते तरी कुणी विचारलं नसतं. काही महिन्यांनी त्याचीच भीती वाटायला लागली. पण परत यावंसं वाटलं नाही, हेही खरं.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे ऊसतोड मजुरांच्या जबाबांचं काम आलं. त्यातले बरेच सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरचे होते. तालुक्याचं नाव वाचलं आणि मी हात वर केला. आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, तुझाच भाग आहे, तुला जास्त कळेल. मलाही तसंच वाटलं.

त्यात एका विधवेचा जबाब होता. तिचं नाव मी इथेही लिहिणार नाही. ती नवऱ्याबरोबर परराज्यात ऊस तोडायला गेली होती. तिथे तिचा नवरा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली सापडला. मुकादमाने प्रेत पिकअपमध्ये घालून पाड्यावर आणून सोडलं. ना पोलीस, ना शवविच्छेदन. जाताना तिला सांगितलं, तापाने गेला असं सांगायचं. तिने वर्षभर तसंच सांगितलं. मग एक दिवस आमच्या कार्यकर्तीजवळ खरं बोलली.

तिच्या घराचं वर्णन जबाबात एका ओळीत आलं होतं. विजेचा खांब तिच्या गोठ्यातच उभा आहे, छप्पर त्याच्याभोवती शाकारलंय, पण घराचा कागद नाही म्हणून घरात दिवा नाही. (ही खूण मी इथे बदलली आहे, आणि पुढची गावं, वाटा, दिवसही. खरी खूण दुसरीच होती, पण नानांच्या कामातलीच.) मला ती ओळ फार आवडली. बाकीचे सगळे जबाब एकसारखे कोरडे वाटत होते आणि या एका ओळीत ती बाई समोर उभी राहत होती. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मसुदा वाचताना विचारलंही, "यह खंभा रखना है?" मी म्हटलं, "रहने दो. खंभे तो हर जगह होते हैं."

मराठी आवृत्ती आली त्या दिवशी मी ती नानांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. मी काय करते ते त्यांना एकदा तरी कळावं, एवढाच हेतू होता. पाचव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, त्यांचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"बेटा, पुरं वाचं मी. चष्मा लाईसन वाचं. आनि ती बाई शे ना, गोठामा खांबवाली? ती माले माहीत शे."

मी जिन्यात उभी होते. खाली बसले.

"कशी माहीत, नाना?"

"अरे, तो खांब मीच उभा करेल शे! तिन्हा मालक जित्ता व्हता तवय. नंतर त्यासनी गोठा वाढावा. पुरा तालुकामा असा एकच खांब शे." मग जरा थांबून, तितक्याच अभिमानाने म्हणाले, "आमना जुना वायरमन लोकेसना ग्रुपवर बी टाकं मी. समदासनी वळखं."

मी एवढंच म्हटलं की ते ताबडतोब काढा. त्यांना काढता येईना. पाठवलेलं पुसायची वेळ उलटून गेली होती. माझ्या आवाजावरून त्यांना काय झालंय ते कळलं असावं. त्या दुपारी त्यांनी ग्रुपातल्या एकेका माणसाला फोन करून सांगितलं, बाबा, पुढे पाठवू नको. दोघांनी आधीच पाठवला होता.

मी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आधी अहवाल वेबसाइटवरून उतरवायला लावला, मग कार्यकर्तीला फोन लावला. कार्यकर्ती म्हणाली, तीन दिवस झाले, बाईचा फोन बंद येतोय. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू जा. आजच."

तो प्रवास मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की हातात फोन धरून धरून मनगट दुखत होतं आणि नंदुरबार जवळ आलं तसा वाळत घातलेल्या मिरचीचा ठसका नाकात गेला. एरवी या वासाने मला घरी आल्यासारखं वाटतं. त्या सकाळी वाटलं, मी इथे चोरासारखी आले आहे.

माय दारातच म्हणाली, "कसाले लिखस असं, ज्यानामुळे लोके मरतीस?" नाना मोटारसायकल पुसून तयार होते. कार्यकर्ती तळोद्याहून येणार होती, पण आम्ही थांबलो नाही. प्रकाशाचा पूल ओलांडून, शहाद्याच्या पुढे, डोंगर डाव्या हाताला धरून निघालो. वाटेत नाना एकदाच बोलले.

"मन्हामुळे व्हयनं का बेटा?"

"नाही नाना. ओळ माझी होती."

घराला बाहेरून कडी होती. गोठा रिकामा. शेजारची म्हातारी आधी बोलेचना. नानांनी पावरीत, तिकडच्या बोलीत, दोन शब्द बोलल्यावर, आणि हा खांबवाला माणूस आहे हे ओळखल्यावर, तिने सांगितलं. चार दिवसांपूर्वी दोन माणसं पिकअपमधून आली. मारलं नाही, शिवी दिली नाही. अंगणात खाट टाकून दुपारभर बसून राहिली. दिल्लीवाल्यांना काय सांगितलंस, एवढंच विचारत होती. जाताना म्हणाली, परत येऊ. दुसऱ्या दिवशी उजाडताच बाई पोरीला आणि शेळ्यांना घेऊन निघाली.

"कुठे?"

म्हातारीने मान हलवली. तिला माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. आणि सांगू नये हेच बरोबर होतं, हे मला त्या क्षणीही कळत होतं.

नाना म्हणाले, तिचं माहेर तोरणमाळच्या वाटेवरच्या एका पाड्यावर आहे; तिथल्या लाइनवर त्यांनी काम केलं होतं. मोटारसायकल जिथवर जाते तिथवर गेलो, पुढे पायी चढलो. चढताना माझ्या डोक्यात एकच विचार, तिथेही नसली तर? त्या तासाभरात मी तिला इतक्या प्रकारांनी मेलेली पाहिली की भावाच्या झोपडीपुढे शेळी बांधताना दिसली तेव्हा मी नानांना दोनदा विचारलं, तीच ना? तिने नानांना ओळखलं. माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ही कोण?

मी सगळं सांगितलं. तिचं नाव मी बदललं होतं, पण घराची खूण राहू दिली होती. का, तर मला ती आवडली होती. हे 'आवडली' नाना तिला पावरीत सांगताना अडखळले. मग ती बराच वेळ बोलली, आणि नाना माझ्याकडे वळले.

"ती म्हनस, पुस्तकमा तिन्हा मालकनं काय लिखेल शे, ते वाची दखाड."

मी फोनवर वाचायला लागले. मी एक वाक्य मराठीत वाचायचे, नाना ते पावरीत सांगायचे. तिचा भाऊ, भावजय, पोरगी, सगळे ऐकत बसले. एका ठिकाणी तिने हात वर करून थांबवलं.

"ती म्हनस, हाई चुकेल शे. तो ट्रॉलीवरथीन पडना नही. तो मांगे उभा व्हता, आनि ट्रॉली मांगे सरकनी. कोनी देखं नही. तो पडना असं लिखशी ते त्यानीच चुकी व्हई."

जबाब दोन भाषांतून माझ्यापर्यंत आला होता आणि वाटेत कुठेतरी तिचा नवरा स्वतःच पडला होता. मी तपासलं होतं म्हणे. मी ते वाक्य तिथेच दुरुस्त केलं आणि पुन्हा वाचून दाखवलं. तिने मान डोलावली.

मग मी विचारलं, तुमचा जबाब अहवालातून पूर्ण काढून टाकू का? नानांनी विचारायच्या आधीच तिला कळलं असावं. ती बाजारात बोलतात तशा मोडक्या अहिराणीत थेट मला म्हणाली, "खांब काढ. बाकी ऱ्हाऊ दे."

निघताना तिने मला एकच गोष्ट विचारली. "तू बी घर सोडं. तुले कोनी काढं?"

"नाही," मी म्हटलं. "मीच गेले."

तिने फक्त "हां" म्हटलं आणि शेळीकडे वळली.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. कार्यकर्तीने तिला सोबत घेऊन तक्रार नोंदवली, या वेळी तिच्या खऱ्या नावाने आणि तिच्या इच्छेने. मुकादमाला चौकशीला बोलावलं. ती दोन माणसं पुन्हा आली नाहीत. अहवाल दुरुस्त होऊन पुन्हा निघाला. ऑफिसने माझ्यावर कारवाई केली नाही, फक्त आता माझा प्रत्येक मसुदा दुसरं कुणीतरी त्या भागातलं माणूस वाचतं. तो नियम मीच मागून घेतला. नानांनी तो ग्रुप सोडला. कुणाच्या फोनमधून ती गोष्ट मुकादमापर्यंत गेली ते आजही कळलेलं नाही. नाना फोनवर मधूनच विचारतात, "काही समजनं का?" मी नाही म्हणते. मग आम्ही कापसाचं बोलतो.

तुमच्यापैकी जे बाहेर गेलेत त्यांना माहीत असेल, आपण सगळे गावाची एकच गोष्ट सांगत असतो, तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. मीही सांगायचे, कधी वैतागून, कधी आठवण येऊन. आता तेच वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलं की मी विषय बदलते. ओळखणारी माणसं खाट टाकून अंगणातही बसतात.

घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर पूर्वी मी तापीकाठ, मायचा हात, असलं काहीतरी सांगितलं असतं. ते खोटं नाही. पण आता मला घर म्हणजे एवढंच वाटतं, की जिथे परत जायचं झालं तर कुणी बसलेलं तर नाही ना, हे आधी पाहावं लागत नाही. मला पाहावं लागत नाही. तिकीट काढते, फलाटावर उतरते, नाना उभे असतात.

कार्यकर्तीचा मागच्या आठवड्यात फोन आला होता. बाई अजून भावाकडेच आहे. बाजाराच्या दिवशी, चार माणसं सोबत असली की खाली उतरते, आपल्या घराची कडी काढते, अंगण झाडते, सारवते. थोडा वेळ ओट्यावर बसते. आणि उजेड आहे तोवर वर निघून जाते.