घरच्या कार्याला बोलावतो ती माणसे

वासंतीबाई देवगडहून सिल्वासाला आल्या त्या सरकारी शाळेत मराठी शिकवायला, आणि निवृत्त झाल्यावरही इथेच राहिल्या. कुणाला पत्रिका, दुकानाची पाटी, श्रद्धांजलीचा मजकूर लिहून हवा असला की माणूस त्यांच्या दारात येई.

त्यांचा जुना विद्यार्थी चेतन असाच आला. त्याचा लग्नाचा हॉल होता आणि माहितीपत्रक छापायचं होतं. त्यात हॉलच्या नेहमीच्या चार माणसांची नावं द्यायची होती: मांडववाला, फुलवाली, फोटोवाला आणि पुरणाचे मांडे करणाऱ्या बायडाबाई.

"इंग्रजीत 'प्रेफर्ड व्हेंडर्स' लिहिलंय, बाई. मराठीत एक शब्द द्या फक्त."

तो एक शब्द आठवडाभर सापडेना. 'पसंतीचे विक्रेते' वाचून त्यांनाच हसू आलं. जणू मुलगी बघायला गेलेत. शेवटी कागदावर 'अधिकृत' लिहून त्या राखोलीला बायडाबाईंकडे गेल्या. बायडाबाई मूळच्या धुळ्याकडच्या, नवरा राखोलीतल्याच कारखान्यात. त्या अंगणात बसून दोन्ही हातांवर मांडा खेळवत मोठा करत होत्या आणि चुलीवरच्या उलट्या खापरावर टाकत होत्या.

"अधिकृत म्हंजे सरकारी का, ताई? मग लोक लायसन मागतीन."

वासंतीबाईंनी शब्द खोडला. "मग 'विश्वासू' लिहू?"

"ते तर घरकामवालीला म्हणता ना." बायडाबाईंनी मांडा उलटला. मग हळूच म्हणाल्या, "तुमच्या पोरीच्या लग्नात मांडे मीच केले. पण तुम्ही आधी घरी येऊन, कुंकू लावून पत्रिका दिली. असं कोणी देत नाही. तसं काही लिवा."

त्या संध्याकाळी वासंतीबाईंनी लिहिलं: 'आमच्या घरच्या कार्याला आम्ही ज्यांना बोलावतो, ती माणसे.'

चेतनला ओळ एकदम आवडली.

"पण हे खरं आहे का?" त्यांनी विचारलं. "तुझ्या लग्नात जेवण कुठून आलं होतं?"

"वापीहून," चेतन म्हणाला.

"मग हे नाही छापता यायचं रे."

दुसरी एखादी ओळ मागता आली असती. चेतनने मागितली नाही. "माघात केतकीचा साखरपुडा आहे," तो म्हणाला. "तोवर छपाई थांबवतो."

आणि खरंच थांबवली. चेतन आणि त्याची ही धाकटी बहीण चौघांच्याही घरी पत्रिका घेऊन गेले. साखरपुड्याच्या दिवशी बायडाबाईंनी सकाळी मांडे केले, हातपाय धुतले, जांभळं लुगडं नेसल्या आणि वासंतीबाईंच्या शेजारी पंगतीला बसल्या. केतकीने स्वतः त्यांच्या ताटात मांडा वाढला, वर तूप ओतलं.

पत्रक छापून आल्यावर वासंतीबाई ते घेऊन राखोलीला गेल्या. बायडाबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांचं बोट धरून वासंतीबाईंनी ते नावावर टेकवलं.

"आमच्या ह्यांचं नाव बी आहे का?"

"नाही. एकट्या तुमचंच."

"बरं," बायडाबाई म्हणाल्या. बोट मात्र त्यांनी बराच वेळ तिथून उचललं नाही.