आत्याचं ओलांडणं

माणसं समुद्र ओलांडून विलायतेला जाऊन आली, डोंगर पोखरून आगगाडी घाट चढून आली, पण आमच्या थोरल्या आत्याने उभ्या जन्मात निजलेलं मांजरसुद्धा ओलांडलं नाही. निजलेल्या मुलाला ओलांडलं की त्याची वाढ खुंटते, हे सगळ्याच घरांत सांगतात. चुकून कुणी ओलांडलंच, तर उलट्या पावलांनी परत ओलांडायला लावतात, म्हणजे दोष फिटतो. आमच्याकडे हा नियम मुलांपाशी थांबत नसे. वासराचं दावं, भोपळ्याचा वेल, अंगणात पसरलेलं भात, सुताराची करवत, काही म्हणता काही ओलांडायची सोय नव्हती. माझी उंची बेताची राहिली याचं खापर तिने माझ्या धाकट्या मामावर फोडलं होतं. मी तान्हा असताना त्याने म्हणे मला ओलांडलं आणि परत न ओलांडता तसाच कामशेतच्या बाजाराला निघून गेला. तो बिचारा घरी आला की ती मला जमिनीवर आडवं निजवी आणि त्याला उलट्या पावली माझ्यावरून जायला लावी. मी तेव्हा लोणावळ्याला मालधक्क्यावर कारकून होतो आणि मला मिशा होत्या.

स्टेशनात तर तिच्यापुढे हात टेकायची पाळी येई. पलीकडच्या फलाटावर जायला पूल आहे, पण पुलाखाली गाडी उभी असली की आत्या पहिल्याच पायरीशी बसकण मारी. का, तर गाडीत माणसं आहेत! "येवढी मानसं बसल्यात, त्यात कुनी पोटुशी आसंल, कुनी तान्हं घेऊन आसंल. त्यांच्या डोक्यावरनं जाऊ व्हय मी?" असं म्हणून ती ती गाडी सुटेपर्यंत बसून राही, आणि तोवर आमची गाडीही सुटलेली असे. वडगावला चुलतबहिणीच्या लग्नाला आम्ही निघालो ते असे पोचलो, की अक्षता केव्हाच पडून गेल्या होत्या आणि पंगतीतल्या पत्रावळी उचलणं चाललं होतं. आत्याला त्याचं काही वाटलं नाही. गाडीतल्या त्या अनोळखी बायकांची बाळंतपणं सुखरूप होतील, या समाधानात ती शिळा भात जेवली.

तिचं सासरचं गाव डोंगरापलीकडे होतं. तिथे धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. घरात ती एकटीच उरली होती, म्हणून आमच्याकडे आली. गावच्या महादेवाची पिंड हलवावी म्हणून गावकऱ्यांनी कौल लावला होता, पण देवाने कौल दिला नाही. मग देव देवळासकट तिथेच राहिला.

आमचा मुलगा सहा महिन्यांचा असताना त्याला डबा झाला. पोट उडू लागलं, श्वास लागला. डॉक्टरांचं औषध चालू होतं, पण त्यांनीही आमच्याकडे बघायचं टाळायला सुरुवात केली होती. आत्या पाळण्याशी बसून होती. ती नवस बोलली, की पोर उठलं तर श्रावणी सोमवारी महादेवाच्या पायाशी नेईन. पोर उठलं. श्रावणही आला.

मी परोपरीने समजावलं, की वैशाखात पाणी उतरतं, कळस दिसतो, तेव्हा जाऊ. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "दिसतो तवाच जायचं, तर त्यो देव कसला?" मी कपाळाला हात लावला आणि होडीच्या शोधाला लागलो. एका मुकादमाच्या ओळखीने धरणावरची होडी मिळाली. पलीकडच्या ठाकरवाडीचा एक जण वल्हवायला आला. मी, ही, हिच्या मांडीवर इरल्याखाली बाळ, आणि पुढे बेल, नारळ, दुधाचा तांब्या नि उकडलेल्या रताळ्यांची शिदोरी घेऊन आत्या, असे आम्ही सहलीला निघाल्यासारखे निघालो.

सहल कसली! काठ म्हणजे नुसता काळा कातळ. त्यावरून पाण्याचे लोट खाली येत होते आणि वर धुकं. धरणाची भिंत सुटली की होडी लावायला एकच जागा होती, गावाची जुनी पांद, म्हणजे बैलगाडीची वाट, जिथे पाण्यात उतरते तिथे. ती देवळाच्या पलीकडे. माझं सगळं लक्ष इरल्याकडे. आत्या मात्र गावातून चालल्यासारखी बोलत होती. हे लोहाराचं घर, इथून वळ, ही आमची विहीर, जरा बाजूनं. देवळामागच्या आंब्याचा वाळका शेंडा पाण्यावर दिसला तशी तिने सगळ्यांना पायताणं काढायला लावली. दूध वाहिलं, नारळ सोडला, आणि प्रदक्षिणेचं फर्मान काढलं.

शंकराची प्रदक्षिणा पुरी घालत नाहीत. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या पन्हळीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, आल्या वाटेने मागे फिरायचं. आम्ही आंब्याला वळसा घालून, आत्याने बोटाने दाखवलेल्या पन्हळीच्या जागेपर्यंत गेलो आणि आत्याने होडी फिरवायला सांगितली, तोच कोकणच्या अंगाने वारा सुटला. होडी आडवी झाली. लाटा आत येऊ लागल्या. मी दुधाच्याच तांब्याने पाणी उपसत होतो, ते हटत नव्हतं.

"मावशी, मागं न्हाई जाता येत," होडीवाला म्हणाला. "उलटंल. सरळ देवळावरनं गेलं तर पांद हितंच हाय." एवढं बोलून त्याने वल्हं थांबवलं. देवावरून जायचं, तर आत्याच्या शब्दावाचून तोही जाणार नव्हता.

मी ओरडलो, काय ओरडलो ते आठवत नाही. ही आत्याकडे बघत राहिली. इतका वेळ बाळ रडत होतं. ते रडायचं थांबलं. आत्याने इरल्याखाली हात घालून त्याचे पाय चाचपले. मग होडीवाल्याला म्हणाली, "भाऊ, घाल वरनं."

आणि ती होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात बसली, कपाळ फळीला टेकवलं. आम्ही देवळावरून जात असताना वाऱ्यातही मला तिचा आवाज ऐकू आला. "महादेवा, ही न्हाईत ओलांडत. मी ओलांडतीया."

पांदीला लागलो. वर एका गोठ्यात शेकोटी होती. पाय शेकल्यावर बाळाने असा काही टाहो फोडला, की माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. आत्या कोपऱ्यात ओल्या लुगड्यानिशी बसली होती. शिदोरीतल्या रताळ्याला तिने हात लावला नाही.

पुढच्या श्रावणात मीच तिला म्हटलं, की चल, मी होडी ठरवतो, उलट ओलांडून येऊ, दोष फिटेल. माझ्या मामाला एवढ्या वेळा घुमवणारी बाई, एका पायावर तयार होईल असं मला वाटलं होतं. तिने निवडायच्या तांदळाचं सूप बाजूला ठेवलं.

"उलट ओलांडलं की झालेलं समदंच फिटतं," ती अंगणात खेळणाऱ्या पोराकडे बघत म्हणाली. "त्यात ह्यो बी आला. नगं. ऱ्हाऊ दे माझ्या अंगावर."

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. डोंगरापलीकडे मात्र पुन्हा गेली नाही. दर सोमवारी घरूनच त्या दिशेला हात जोडी, आणि हात जोडताना मान वर करत नसे.

मुलगा आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. परवा आम्ही दोघे पुण्याला निघालो होतो. पुलाखाली गाडी उभी होती, माणसांनी भरलेली. तो दोन दोन पायऱ्या टाकत अर्ध्या पुलावर गेला आणि त्याने मागे वळून पाहिलं. मी पहिल्या पायरीशी उभा होतो. आत्या गेल्यापासून हे असं होतं, पाऊल उचलत नाही. मला वाटलं, तो हसेल. तो खाली उतरून आला आणि माझ्याजवळ उभा राहिला. ती गाडी गेली, आणि पाठोपाठ आमचीही गेली.