मी लिहिलेलं उत्तर

हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते — अडखळतच सांगीन.

कुरखेड्यात माझा कॉम्प्युटर क्लास होता. आठ मशीन, दाराशी मोहाचं झाड, मळणीच्या दिवसांत खिडकीतून येणारा धानाचा वास — काय दिवस होते ते! नव्या मशीनवर जुना मराठी टायपिंगचा प्रोग्राम चालेना, म्हणून मी एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं. व्हर्च्युअल मशीन — म्हणजे कॉम्प्युटरच्या आतच दुसरा, जुना कॉम्प्युटर. फुकट, पण फक्त घरी वापरणाऱ्याला. फी घेऊन शिकवणाऱ्याला परवाना लागत होता. मी वाचलं होतं — वाचूनच 'घरगुती वापर'वर क्लिक केलं होतं.

मडावी भाऊ आश्रमशाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. गोंडी गाणी टाइप करायला रोज सायकलनं यायचे. ते सॉफ्टवेअर फुकटचं आहे हे कळल्यावर एकदा म्हणाले, "बाई, एवढी चीज फुकट देते कोन? त्याले आपन धन्यवाद तरी म्हटलं का?" दुसऱ्या दिवशी वहीच्या कागदावर चिठ्ठीच घेऊन आले — आमच्या क्लासात आठही मशीनवर तुमची वस्तू चालते, फार उपकार झाले. "इंग्रजीत करून त्या कंपनीले पाठवा."

कशी पाठवणार? ती चिठ्ठी म्हणजे माझ्याविरुद्धची लेखी साक्षच! 'पाठवली' असं मी भाऊंना सांगितलं. खरं सांगायला किती शब्द लागले असते — चार? पाच?

पण भाऊ विसरेनात. "उत्तर काऊन नाई आलं, बाई? मी वाट पाहून राह्यलो." शेवटी मीच इंग्रजीत एक उत्तर लिहिलं, खाली परदेशी नाव टाकलं, छापलं आणि त्यांना मराठीत वाचून दाखवलं. भाऊंनी चष्मा काढून पुसला. "अजून एकडाव वाचा." मी पुन्हा वाचलं — आणि दोन गोड वाक्यं जास्तीची घातली. कशासाठी? आजही कळत नाही.

पुढे मी ते सॉफ्टवेअर काढलं, क्लासलाही फुकट वापरता येणारं दुसरं टाकलं. भाऊंना मात्र काहीच सांगितलं नाही.

मागच्या वर्षी भाऊ गेले. मी घरच्यांना भेटायला गेले, तर भिंतीवर तो मी छापलेला कागद — काचेच्या फ्रेममध्ये. त्यांच्या मुलीनं चहा पुढे केला. म्हणाली, "बाबा येनाऱ्या हरेकाले दाखवत. तुमच्यामुळंच आलं ना, बाई, ते?"

"हो," मी म्हणाले. आणि चहा प्यायले.