डबे रिकामे येत होते

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी आम्हा लालबागकरांना एक खोड लावली होती. चार माणसं जमली की ठराव करायचा. अशाच एका सभेनंतर आमच्या चाळीचं गावकरी मंडळ आणि गल्लीपलीकडच्या चाळीतलं बौद्धांचं मंडळ एका सतरंजीवर बसलं आणि गल्लीतल्या पोरांना दुपारचं जेवण द्यायचं ठरलं. बहुतेकांचे बाप बदली कामगार. गिरणीच्या दारातून परत पाठवलं की त्या दिवशी घरात चहावर भागायचं.

धान्य दोन्ही चाळींनी गोळा केलं, व्यायामशाळेने जागा दिली, युनियनने भांडी दिली. मी शाळामास्तर, अक्षर बरं, म्हणून चिटणीस झालो. दादरचे एक डॉक्टर फुकट यायचे. माणूस सोन्यासारखा, जीभ तिखट. पहिल्याच बैठकीत माझा अहवाल बाजूला सारून म्हणाले, "मास्तर, सभा किती झाल्या ते मला नको. पोरांच्या बरगड्या दिसायच्या थांबल्या का, तेवढं सांगा." मग कोळशाच्या वखारीतला मोठा काटा आणून त्यांनी एकेका पोराचं वजन घेतलं. पोरं काळी होऊन घरी गेली आणि आयांनी डॉक्टरांचा उद्धार केला.

स्वयंपाकाला समोरच्या, बौद्धांच्या चाळीतली एक बाई ठेवली. नवरा गिरणीत कापूस छातीत जाऊन खोकून खोकून गेलेला, पदरात दोन मुली. हे काम गेलं असतं तर तिला साताऱ्याकडे दिराच्या दारात उभं राहावं लागलं असतं, आणि तिथून ती कशी निघाली होती ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. तिच्या हातची आमटी मी खाल्ली आहे. तशी आमटी आमच्या घरात कधी झाली नाही.

आमच्या चाळीतल्या बायकांनी एकच अट घातली. आमची पोरं पंगतीत बसणार नाहीत, डबा घरी नेतील, त्यांना घरी खायची सवय आहे. समितीने मान डोलावली, मीही. डबे दुपारनंतर घासूनपुसून परत येत. मी अहवालात लिहिलं, अन्नाचा कणही वाया जात नाही. ते वाक्य मला फार आवडलं होतं.

दोन महिन्यांनी पुन्हा काटा आला. समोरच्या चाळीतली पोरं वाढली होती. आमची होती तिथेच. लगेच कुजबुज सुरू झाली की बाई आपल्या चाळीतल्या पोरांना घट्ट वाढते आणि आमच्या डब्यांत पाणी ओतते. दोन दिवसांत कुजबुजीतल्या पाण्याची चोरी झाली, चोरीची पोती झाली. एकाने तर तिच्या खोलीतला तांदळाचा डबा बघून यायची तयारी दाखवली.

त्याच आठवड्यात मला ताप होता म्हणून मी दुपारी घरी होतो. पुतण्या डबा घेऊन आला. आईने तो उघडलासुद्धा नाही. पदराखाली धरून ती खाली गेली आणि देवळापाशी बांधलेल्या गाईपुढे रिकामा केला. तिच्यामागे शेजारची, तिच्यामागे आणखी दोघी. ती गाय मात्र चांगली अंगाने भरली होती.

मी विचारलं तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "अन्न टाकूक नाय मिया. गायीच्या मुखात घातलंय." तिला त्यात पाप दिसत नव्हतं, आणि बाईच्या हातचं न खाण्यातही दिसत नव्हतं. मला राग आला आणि मी चूप बसलो. आईला चारचौघांत उघडं कसं पाडायचं? उद्या सांगू, परवा सांगू, असं करत आठ दिवस गेले.

बैठकीत बाईला उभं केलं. तिने दोन्ही मुलींना पुढे केलं आणि म्हणाली, "ह्यांचं बी वजन घ्या. माझी खोली बी बघा." डॉक्टर काही बोलणार तोच मी उठलो आणि म्हणालो, डबे गाईला जातात, आमच्या घरातलाही जातो, मी डोळ्यांनी पाहिलंय. बायकांमध्ये बसलेली आई उठून निघून गेली. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

बाईचं काम राहिलं. पुढे आमची पोरंही पंगतीत बसू लागली. सुधारणा वगैरे काही नाही, समोरच्यांची पोरं काट्यावर जड भरतात हे आयांना सहन होईना. पुतण्याला आईनेच हाताला धरून आणून बसवलं. डॉक्टर खूश झाले. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, खरं बोलायला छाती लागते म्हणाले.

त्या दिवशी पंगत उठल्यावर बाई भांडी आवरत होती. मी जवळ गेलो, आभाराचे दोन शब्द ऐकायला मिळतील असंही मनात होतं. तिने मान वर न करता विचारलं, "मास्तर, तुमाला कवापासनं म्हाईत हुतं?"

"आठ दिवस," मी म्हणालो.

"आठ दिस माझ्या पोरींना समदी गल्ली चोराच्या पोरी म्हनत हुती," ती म्हणाली आणि पातेलं उचलून नळावर गेली.