घरत मॅडमची उघडी खोली

घरत मॅडम कुणालाही "कसा आहेस?" असं विचारत नसत. कॉलेजच्या व्हरांड्यात मुलगा दिसो की मुलगी, त्यांचा प्रश्न ठरलेला: "जेवलास का? कोणाबरोबर?" पहिल्या प्रश्नाला सगळे हो म्हणत. दुसऱ्याला जो अडखळे, त्याला त्या लक्षात ठेवत. मी नवा होतो तेव्हा मलाही विचारलं होतं, आणि मी अडखळलो होतो. तेव्हापासून त्यांचा डबा माझ्या टेबलावर उघडू लागला. पापलेट असलं की मधला तुकडा मला. मी पालीकडचा, भाताच्या गावातला. "तुला काटे काढता येत नाहीत रे ठोंबरे," असं म्हणून तो काढूनही देत.

शिकवायच्या भूगोल. पण कॉलेजात मानसिक आरोग्य कक्ष काढायचा हुकूम आला तेव्हा मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि मॅडमनी वर ठेवली, एवढ्यावर त्या कक्षप्रमुख झाल्या. खोली मिळाली जिमखान्यामागची. तिथे फुटके कॅरम बोर्ड होते. ते बाहेर काढून त्यांनी दोन खुर्च्या, पाण्याची बाटली आणि दोन ग्लास ठेवले. रजिस्टर ठेवलं नाही. "इथे नाव लिहायचं नाही. नाव लिहिलं की पोरं खरं बोलत नाहीत." दर बुधवारी दोन तास त्या तिथे बसत.

त्यांची खरी मागणी वेगळीच होती. पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात आठवड्याला एक तास, सगळ्यांसाठी. झोप का उडते, छातीत धडधडतं तेव्हा काय करायचं, डॉक्टरकडे कधी जायचं, एवढंच शिकवायचं. "ताप आला तर गोळी देतात. मन आजारी पडलं तर उपदेश देतात. म्हणून हे वर्गात शिकवायला हवं, सगळ्यांना, म्हणजे कोणी एकटा वेगळा पडत नाही." प्राचार्य दर वर्षी अर्ज ठेवून घेत आणि बघू म्हणत.

त्या वर्षी मूल्यांकन समिती येणार होती आणि फायली माझ्याकडे होत्या. मला फाइल भरलेली लागते, हा माझा स्वभाव. मॅडमच्या कक्षाची फाइल कोरी. सह्यांची यादी नाही, ठिकाण आणि वेळ उमटलेला फोटो नाही. मी मागे लागलो, त्या नाही म्हणाल्या. मग एका बुधवारी मी खिडकीतून एक फोटो काढला. समोर मॅडम, आणि पाठमोरी एक मुलगी. चेहरा दिसत नव्हता, त्यामुळे मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं. खाली ओळ लिहिली, 'समुपदेशनाचा लाभ घेताना विद्यार्थिनी', आणि अहवाल कॉलेजच्या ग्रुपवर टाकला.

मुलीच्या अंगात निळा टी-शर्ट होता, पाठीवर 'हेरंबकृपा' छापलेला. मला ते देवाचं नाव वाटलं. ते तिच्या वडिलांच्या बोटीचं होतं. नारळी पौर्णिमेला बोटीची पूजा होते तेव्हा घरच्यांसाठी असे टी-शर्ट छापून घेतात, आणि त्या घरात कॉलेजला जाणारी मुलगी एकच. किनाऱ्यावरच्या कुठल्याही माणसाने मला हे सांगितलं असतं, पण मी कुणाला विचारलंच नाही.

तिसऱ्या दिवशी वडील आले. आवाज चढवला नाही. मला वाटतं, चढवला असता तर बरं झालं असतं.

"मना चार जनांनी फोन केला. बोटीचा नाव वाचला त्यांनी. माजी पोर येरी हाय का सर?" येरी म्हणजे वेडी, एवढं मलाही कळलं.

मॅडम म्हणाल्या, "दादा, तिला रात्रीची झोप लागत नाही. परीक्षेत श्वास अडकतो. हा आजार आहे, बरा होतो. सोमवारी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडे जायला ती तयार झालीय. पाच बुधवार लागले हो तिला हो म्हणायला."

"आमचे घरान कोन येरा न्हाय," ते म्हणाले. "दाखला द्या तिचा."

दाखला तयार करून दिला तो मीच.

सोमवारी मॅडम एकट्याच दवाखान्याच्या दारात दुपारपर्यंत उभ्या राहिल्या. मग तिच्या गावी गेल्या. दोनदा दार उघडलं नाही. तिसऱ्या खेपेला आईने पाणी दिलं आणि पोर मामाकडे पाठवली म्हणून सांगितलं. गाव कुठलं ते सांगितलं नाही. ती मुलगी आता झोपते का, हे मला आजही ठाऊक नाही.

मी माफी मागायला गेलो तेव्हा त्या डबा उघडत होत्या. "तू वाईट नाहीस रे ठोंबरे. तुला काम पूर्ण लागतं, एवढंच," म्हणाल्या, आणि सवयीने मासळीचे काटे काढून तुकडा माझ्यापुढे सरकवला.

समितीने कक्षाला पूर्ण गुण दिले. फोटोचं विशेष कौतुक झालं. मॅडमनी पुन्हा तासाचा अर्ज दिला तेव्हा प्राचार्य म्हणाले, "पूर्ण गुण मिळालेत मॅडम, आता आणखी तास कशाला?" तो अर्ज माझ्याच फायलीत लागला.

त्यानंतर त्या खोलीत कुणी आलं नाही. तरी निवृत्त होईपर्यंत मॅडम दर बुधवारी दार उघडं ठेवून दोन तास बसत. दुसरा ग्लासही धुऊन ठेवत. निरोप समारंभाच्या दिवशी किल्ली माझ्या हातात देताना एवढंच म्हणाल्या, "विचारत राहा." त्या उरणला लेकाकडे गेल्या. फोन करायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

आता कक्षप्रमुख मी आहे. गेल्या बुधवारी कँटीनच्या कोपऱ्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी डबा न उघडता बसलेली दिसली. मी जवळ जाऊन विचारलं, "जेवलीस का? कोणाबरोबर?"

तिने आधी माझ्या हाताकडे पाहिलं.

"सर, फोटो काढणार का?"

मी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि नाही म्हणालो. तोवर ती डबा पिशवीत घालून उठली होती.