बाबूजींच्या दातांची मज्जापेशी

माझ्या साडूंइतका सरळ माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्यांच्याइतका छळणाराही. घरात कॉम्प्युटर असणं अजून अपूर्वाईचं होतं त्या काळात हे गृहस्थ जिल्ह्यातल्याच गोरेगावात कॉम्प्युटरची शिकवणी घेत आणि उरलेला वेळ वडिलांच्या राइस मिलमध्ये जावा भाषेत प्रोग्रॅम लिहीत. या भाषेत प्रत्येक वस्तूचा प्रकार आधी जाहीर करावा लागतो, नाहीतर ती कामालाच लागत नाही. साडूंनी हा नियम संसारालाही लावला. दारात पाऊल टाकलं की "या" नाही, "बसा" नाही, थेट "चहाचे पाहुणे की जेवणाचे?" आमच्या सासूबाईंनी एकदा सांगितलं, "बाजारातून वांगी आणा, दोन." साडू बाजारापर्यंत गेले आणि पिशवी रिकामीच घेऊन परत आले, विचारायला. "दोन काय? नग का किलो?" त्या दिवशी आम्ही बेसन खाल्लं.

त्यांचा खरा ध्यास मात्र कृत्रिम मज्जापेशीचा. मेंदूतली एक पेशी, फक्त एकच, प्रोग्रॅममध्ये उभी करायची. आणि घाई होती, कारण बाबूजींचे, म्हणजे त्यांच्या वडिलांचे, दात हलायला लागले होते. बाबूजी धानाचा दाणा दाताखाली धरत आणि धान वाळलं की नाही ते सांगत. ओलं धान मिलमध्ये गेलं की तांदळाचा चुरा होतो; सगळी मिल त्या दातांच्या भरवशावर. डॉक्टरांनी तर संक्रांतीनंतर सगळेच काढायचे ठरवले होते. "दात जाऊ दे," साडू मला म्हणाले, "पण बाबूजीची परख नाही जाऊ द्याची."

पेशीला तीन गोष्टी सांगायच्या: धानाला ऊन किती दिवस लागलं, पायलीभर धानाचं वजन किती, आणि धुक्याच्या सकाळी किती झाल्या. किलो चुकून दिवसांच्या जागी घातला की प्रोग्रॅम हटून बसे, आणि साडू टाळी वाजवत. "पाहा, चूक करूच देत नाही!" मग या तिघांपैकी कोणाचं किती ऐकायचं ते ठरवून प्रत्येकाचं मत बनवायचं, मतांची बेरीज रेषेपलीकडे गेली की धान घ्यायचं. बाबूजींचा निकाल वेगळा आला की ऐकण्याचं प्रमाण जरा बदलायचं. अशी ती शिकत होती.

पण काही ठरावीक गिऱ्हाइकांच्या वेळी ती हमखास चुकायची. पेशी म्हणे ओलं, बाबूजी म्हणत घे. पंधरा दिवस साडूंनी प्रोग्रॅम उसवला आणि पुन्हा शिवला. मी जेवणाचा पाहुणा म्हणून जाहीर होऊनही चहावर परतलो. शेवटी त्यांनी बाबूजींनाच गाठलं.

"तो चिचगडवाल्याचा धान ओला होता का नाही?"

"ओलाच होता."

"मंग घेतला काऊन?"

"अरे, जंगलातून इतक्या दुरून आला तो. त्याले वापस कसा धाडू? घेतो अन मागच्या अंगणात मीच वाळवतो."

साडू उठून कॉम्प्युटरपाशी गेले. मग त्यांनी पेशीला चौथी गोष्ट जोडली, गाव किती किलोमीटर. मी म्हटलं, "अहो, अंतराचा आणि ओलाव्याचा काय संबंध?" तर म्हणाले, "मी धानाची पेशी नाही बनवून राहिलो, बाबूजीची बनवून राहिलो."

दात काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी चिचगडचा माणूस पुन्हा आला, धान पुन्हा ओलसर. बाबूजी तोंडात कापूस धरून कॉम्प्युटरसमोर बसले. साडूंनी चारही आकडे भरले. पडद्यावर उमटलं, 'घ्या'. कापूस पडेपर्यंत बाबूजी हसले, आणि आम्ही दोघं तर वेड्यासारखे नाचलो.

बाबूजींना जाऊन आता काही वर्षं झाली. ओलावा मोजणारं यंत्र सगळ्याच मिलमध्ये आलं, साडूंकडेही आहे. ते नाही म्हणतं, तरी लांबून आलेल्याचं धान साडू ठेवून घेतात. हंगामात गेलो की मलाही चपला काढायला लावतात, आणि आम्ही मागच्या अंगणात पायांनी धान उलटत फिरतो. म्हाताऱ्याची फार आठवण येते. संध्याकाळी धान गोळा करावं म्हणून मी वाकतो, तेव्हा साडू म्हणतात, "राहू द्या. बाबूजी असते तर अजून एक ऊन दिलं असतं." मग आम्ही अजून एक ऊन देतो.